दहा लाख सह्या

(जागतिक महिला दिनाच्या मेळाव्यात आपल्या प्रभागसंघाच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या सख्यांना त्या दिवशी येता आलं नाही त्यांनी मागणी केल्यामुळे छापत आहोत.)



मागच्या वर्षी याच दिवशी मी बँक जोडणीवर बोलले होते. तेव्हा मागच्या तीन रांगा झोपल्या होत्या, हे मला वरून दिसत होतं. यंदा अध्यक्ष काकू म्हणाल्या, "पोरी, कर्जाचं वर्षभर ऐकतोच, यावेळी दुसरं काहीतरी सांग." म्हणून आज मी एका लांबच्या देशातल्या बायांची गोष्ट सांगणार आहे. पण ती का सांगते हे आधी सांगावं लागेल, आणि त्यात माझी एक चूक आहे.

पाऊस संपत आला होता तेव्हाची गोष्ट. एका ग्रामसंघाची मासिक बैठक चालू होती. गावाचं नाव सांगत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. एका मुस्लिम गटातल्या ताईनं कर्जाची मागणी ठेवली. कारण लिहिलं होतं, मुलगी माहेरी परत आली, तिला शिलाई मशीन घ्यायची. तेवढ्यात मागून आवाज आला, "त्यांच्यात काय बाई, तीनदा बोललं की संपलं. त्यांच्यात बायांना हक्कच नसतात." काही जणी हसल्या. त्या गटाच्या पाच जणी खाली मान घालून बसल्या. आणि मी, समाजकार्यात पदवी घेतलेली, लिंगभाव समानतेचं प्रशिक्षण देणारी, मी इतिवृत्त लिहीत राहिले. कर्ज मंजूर झालं, मी ठराव लिहिला, चहा प्यायले, गाडीवर बसले.

पुढच्या महिन्यात त्या पाच जणी आल्या नाहीत. बचतीचे पैसे आणि पासबुकं एका लहान पोराच्या हातानं आली. मी हजेरीला लिहिलं, "पाच सदस्य अनुपस्थित." त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. मग मी त्यांच्या मोहल्ल्यात गेले. गटाच्या अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे खालाच म्हणतो, त्यांनी मला बसायला पाट दिला, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "वो बोली सो बोली, बेटा. तू तो पढ़ी-लिखी है. तू भी चुप बैठी."

मला उत्तर नव्हतं. नंतर बराच वेळ गप्पा झाल्या. निघताना त्यांनी मला एक प्रश्न विचारला. जगात कुठं मुसलमान बायांनी स्वतः मागून कायदा बदलून घेतलाय का? की दर वेळी दुसऱ्यांनीच येऊन सांगायचं, तुमच्यात हे वाईट, तुमच्यात ते वाईट?

आजचं भाषण हे खालांना दिलेलं उत्तर आहे. आठवड्यापूर्वी त्यांना विचारूनच मी हा विषय घेतला. त्यांनी एकच अट घातली. बोलताना फक्त आमच्याकडे बघून बोलू नको, सगळ्यांकडे बघून बोल. म्हणून मी आज मान इकडून तिकडे फिरवतेय, हसू नका.

तर देशाचं नाव मोरोक्को. आफ्रिका खंडाच्या अगदी वायव्य टोकाला. समुद्राची एक चिंचोळी पट्टी ओलांडली की पलीकडे स्पेन. लोकसंख्या पावणेचार कोटींच्या आसपास, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून कमी. जवळजवळ सगळे मुसलमान. तिथं राजा आहे आणि तो स्वतःला श्रद्धावानांचा प्रमुख म्हणवतो, म्हणजे राज्याचाही मुख्य आणि धर्माचाही. एम.एस.डब्ल्यू.ला असताना मला या देशाच्या कुटुंब कायद्यावर सेमिनार दिला होता. तेव्हा मी मार्कांपुरतं वाचलं आणि विसरले. खालांच्या प्रश्नानंतर त्या जुन्या वह्या काढल्या आणि या वेळी नीट वाचलं.

आधी एक गोष्ट. मुसलमान देश म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं. पण ट्युनिशिया नावाच्या मुसलमान देशानं १९५६ सालीच दुसरी बायको करायला बंदी घातली. सौदी अरेबियात बायांना गाडी चालवायची परवानगी २४ जून २०१८ ला मिळाली. आणि अफगाणिस्तानात २०२१ पासून मोठ्या मुलींच्या शाळा बंद आहेत. धर्म एक, कायदे तीन तऱ्हेचे. म्हणजे धर्मात जे आहे त्याचा अर्थ कोण लावतो, कुणाला विचारून लावतो, यावर बरंच काही ठरतं. मोरोक्कोच्या बायांनी नेमका हाच प्रश्न धरला.

मोरोक्को १९५६ ला फ्रान्सच्या राज्यातून सुटला आणि लगेच एक कुटुंब कायदा झाला. त्याला तिथं मुदव्वना म्हणतात. त्यात काय होतं? नवऱ्यानं बायकोला पोसायचं आणि बायकोनं नवऱ्याचं ऐकायचं, हे कायद्यातच लिहिलेलं. मुलीच्या लग्नाचं वय १५, मुलाचं १८. मुलगी कितीही मोठी असो, तिचं लग्न ठरवायला घरातला पुरुष पालक हवा, त्याला वली म्हणतात. नवरा बोलून बायकोला सोडू शकायचा. बायकोला सुटायचं असेल तर कोर्टात पुरावे देत फिरायचं. चार बायका करायला मोकळीक. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की हा कायदा म्हणजे साक्षात धर्मच, त्याला हात लावायचा नाही, अशी समजूत. खरं तर तो काही पुरुषांनी बसून लिहिलेला कायदा होता. पण तसं कोण बोलणार?

बोलल्या त्या बाया. १९९२ च्या मार्चमध्ये तिथल्या एका महिला संघटनेनं, लतीफा ज्बाब्दी तिच्या पुढारी होत्या, जाहीर केलं की आम्ही या कायद्याच्या बदलासाठी दहा लाख सह्या गोळा करणार. या संघटनेचं स्वतःचं एक वार्तापत्र होतं, जसं आपलं हे आहे तसं. त्याचं नाव काय होतं सांगू? "८ मार्च". बघा, आज आपण कुठल्या दिवशी जमलोय.

दहा लाख! आपल्या सगळ्या ग्रामसंघांच्या मिळून एका निवेदनावर दोनशे सह्या घ्यायला आपल्याला किती फिरावं लागलं, आठवतंय ना? दारूबंदीच्या ठरावाच्या वेळी? कुणी म्हणे नवऱ्याला विचारते, कुणी म्हणे मला लिहिता येत नाही, कुणी म्हणे नाव लिही पण गाव लिहू नको. मोरोक्कोत तेव्हा खेड्यातल्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. तरी बाजारात, कॉलेजात, कारखान्याच्या दारात, घरोघरी जाऊन त्यांनी कागद फिरवला. आणि दहा लाखांच्या वर सह्या झाल्या. त्यात पुरुषांच्याही होत्या.

विरोध तर होणारच. काही मौलवींनी या बायांना धर्म सोडलेल्या म्हटलं, त्यांच्या विरोधात उलट्या सह्यांची मोहीम निघाली. शेवटी त्या वेळचे राजे हसन दुसरे यांनी सांगितलं की धर्माचा विषय निवडणुकीच्या राजकारणात आणू नका, माझ्याकडे आणा. १९९३ ला थोडासा बदल केला. थोडासा म्हणजे किती? लग्नाच्या करारावर आता नवरीची स्वतःची सही लागेल. इतकी वर्षं तिच्या लग्नाच्या कागदावर तिचीच सही लागत नव्हती! आणखी दोनचार लहान गोष्टी. चळवळीतल्या बाया नाराज झाल्या. दहा लाख सह्या दिल्या आणि हातात आली एक सही.

मला मात्र वाचताना वाटलं की ती एक सही लहान नव्हती. ज्या कायद्याला हात लावता येत नाही असं सगळे म्हणत होते, त्याला हात लागला आणि आभाळ कोसळलं नाही. हे सगळ्या देशानं पाहिलं.

आपल्या गटात पहिली सही शिकतानाचा दिवस ज्यांना आठवतो त्यांना मी काय म्हणते ते कळेल. समोर ती लाल साडीवाली मावशी बसलीय ना, तिनं बँकेत पहिल्यांदा सही केली तेव्हा कॅशियर म्हणाला, "अंगठा चालला असता की." मावशी म्हणाली, "तुला चालला असता, मला नाही."

पुढची गोष्ट २००० सालची, आणि मला ती सगळ्यात जास्त शिकवून गेली. सरकारनं बायांच्या विकासाचा एक आराखडा आणला होता, त्यात लग्नाचं वय वाढवणं, घटस्फोट कोर्टात नेणं असल्या गोष्टी होत्या. १२ मार्च २००० या एकाच दिवशी दोन मोर्चे निघाले. रबात या राजधानीत आराखड्याच्या बाजूनं, कासाब्लांका या सगळ्यात मोठ्या शहरात विरोधात. विरोधातला मोर्चा मोठा होता. आणि त्यात हजारो बाया होत्या, वेगळ्या रांगा करून चालत होत्या.

वर्गात मी हे मांडलं तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "बिचाऱ्या, त्यांना कळत नव्हतं." मीही मान हलवली. आता मला ते पटत नाही. त्या बायांना कळत होतं. त्यांना भीती होती की हे बाहेरच्या पैशावर, बाहेरच्या सल्ल्यानं चाललंय. उद्या नवऱ्यानं पोसायची जबाबदारीच झटकली तर आम्ही जायचं कुठं? ज्या बाईच्या हाताला काम नाही, नावावर काही नाही, तिला "तू समान आहेस" म्हटल्यावर आनंदापेक्षा धाक जास्त वाटू शकतो. आपल्याकडे घर दोघांच्या नावावर करायचा विषय काढला की आधी कोण नाही म्हणतं? नवरे नंतर म्हणतात. आधी आपणच म्हणतो, "राहू द्या ताई, घरात उगी भांडण."

रबातवाल्या बाया एवढं बघून शिकल्या. नंतरच्या काळात त्यांनी कुराणाच्या आयती, हदीस, धर्मशास्त्राच्या जाणकारांची मतं असं सगळं घेऊन मांडणी केली की आम्ही जे मागतोय ते धर्माच्या बाहेरचं नाही. नव्या राजानं, मोहम्मद सहावे यांनी, २००१ ला एक समिती नेमली. धर्मपंडित, न्यायाधीश आणि तीन बाया. तीनच. समितीचं घोंगडं दोन वर्षं भिजत पडलं. २००३ च्या मे महिन्यात कासाब्लांकात अतिरेक्यांनी बॉम्बस्फोट केले, माणसं मेली, आणि कट्टर मंडळींचा आवाज थोडा खाली आला. १० ऑक्टोबर २००३ ला राजानं संसदेत उभं राहून नवा कायदा जाहीर केला. त्याचं म्हणणं असं होतं की देवानं जे हराम केलं ते मी हलाल करू शकत नाही, आणि हलाल केलेलं हराम करू शकत नाही, पण न्याय हा धर्माचाच गाभा आहे. २००४ च्या फेब्रुवारीत कायदा लागू झाला.

आता काय बदललं ते ऐका. संसार ही नवरा-बायको दोघांची जबाबदारी, बायकोनं ऐकायचं हे कलम गेलं. लग्नाचं वय दोघांचंही १८. सज्ञान मुलीला वली ठेवायचा की नाही ते तिनं ठरवायचं. तोंडी सोडणं बंद, नवऱ्यालाही कोर्टातच जावं लागणार आणि बायको-मुलांचे पैसे आधी भरावे लागणार. बायकोलाही "आमचं जमत नाही" एवढं सांगून कोर्टातून वेगळं होता येतं, त्याला शिकाक म्हणतात, आणि पुढं सगळ्यात जास्त घटस्फोट याच वाटेनं होऊ लागले. दुसरं लग्न करायचं तर न्यायाधीशाची परवानगी, पहिलीला कळवणं. पहिलीनं लग्नाच्या वेळीच "दुसरी करणार नाही" ही अट लिहून घेतली असेल तर परवानगी मिळतच नाही. वारशात मात्र बहिणीला भावाच्या निम्मंच, ते तसंच राहिलं.

खालांना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, मग झालं की, सुटल्या बिचाऱ्या. मी म्हटलं, थांबा, अजून खेडी राहिलीत.

कायद्यात एक दार उघडं ठेवलं होतं. खास कारण असेल तर न्यायाधीश १८ च्या आतल्या मुलीच्या लग्नाला परवानगी देऊ शकतो. खास कारण म्हणजे हजारात एखादं, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल. प्रत्यक्षात दरवर्षी हजारो अर्ज आले आणि त्यातले बहुतेक मंजूर झाले. बाप गरीब आहे, शाळा लांब आहे, पोरगी अंगानं मोठी दिसते, लोक नावं ठेवतात. ही कारणं ऐकून तुम्हाला हसू आलं नाही, मला माहीत आहे. ऊसतोडीला जायच्या आधी आपल्या गावांत पोरींची लग्नं का उरकतात, ते आपण याच शब्दांत सांगतो. आपल्या कायद्यात तसं दार नाही, ग्रामसेवक बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, तरी मांडव पडतातच. त्यातले किती मांडव मुसलमानांचे आणि किती बाकीच्यांचे, हे इथं बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे.

दुसरं दार असं की तोंडी झालेली, कागदावर न आलेली जुनी लग्नं नोंदवायला पाच वर्षांची मुदत दिली होती. हेतू चांगला होता, डोंगरातल्या गावांत फातिहा वाचून लग्न लागायचं, कागद कुणाकडेच नसायचा. ती मुदत दोनदा वाढवली. त्या आडोशानं काहींनी दुसऱ्या बायका आणि अल्पवयीन मुली नोंदवून घेतल्या.

आणि २०१२ मध्ये लाराश शहराकडच्या एका सोळा वर्षांच्या मुलीनं जीव दिला. तिच्यावर ज्यानं अत्याचार केला होता, त्याच्याशीच तिचं लग्न लावून दिलं होतं. तसं लग्न केलं की आरोपी सुटायचा, अशी फौजदारी कायद्यात वाट होती. कुटुंब कायदा बदलला होता, ही वाट तशीच होती. बाया पुन्हा रस्त्यावर आल्या. ते कलम जानेवारी २०१४ मध्ये गेलं. एका पोरीच्या जिवानंतर दोन वर्षांनी.

आता जमिनीचं सांगते, कारण मागच्या तीन रांगा अजून जाग्या आहेत.

मोरोक्कोत मोठ्या प्रमाणावर टोळ्यांच्या सामाईक जमिनी आहेत. गावाचे पंच यादी करतात, कुणाला किती वापरायला. यादीत नाव फक्त पुरुषांचं. शहरं वाढली, या जमिनींवर इमारती येऊ लागल्या, मोबदल्याचे पैसे वाटले जाऊ लागले. पैसे यादीप्रमाणे, म्हणजे पुरुषांना. विधवा, बिनलग्नाची, माहेरी आलेली, सगळ्या त्याच जमिनीवर जन्मलेल्या, पण झोपडीसकट बाहेर. केनित्रा शहराजवळच्या रकिया बेलो नावाच्या बाई. सरकारी नोकरी केलेल्या, शिकलेल्या. त्यांच्या भावांना मोबदला मिळाला, त्यांना नाही. त्यांनी इतर बायांना गोळा केलं, शहरातल्या एका महिला संघटनेची मदत घेतली आणि २००७ पासून राजधानीत जाऊन बसायला लागल्या. शेतातल्या बाया, डोक्याला रुमाल बांधलेल्या. या बायांना तिथं सुलालियात म्हणतात, म्हणजे त्या कुळातल्या, त्या वंशातल्या. नावातच त्यांचं म्हणणं आलं, आम्हीही याच कुळातल्या आहोत.

२००९ ला त्यांच्या भागापुरतं सरकारी परिपत्रक निघालं की बायांनाही मोबदला द्या. मग पुढच्या परिपत्रकांनी ते देशभर झालं. पण परिपत्रक म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, साहेबाच्या मर्जीवर. गावचे पंच म्हणायचे, यादी आम्ही करतो. म्हणून बायांनी पाठपुरावा सोडला नाही. काही ठिकाणी बायाच पंचांत गेल्या. २०१९ मध्ये पक्का कायदा झाला, सामाईक जमिनीत स्त्री आणि पुरुष दोघांनाही हक्क. बारा वर्षं लागली. यादीत नाव आलं की नाही हे बघायला अजूनही काही गावांत बाया कचेरीच्या चकरा मारतातच.

तिथल्या दक्षिण भागात अर्गन नावाच्या झाडाच्या बियांचं तेल काढतात. बाया दगडावर ठेवून बी फोडतात, तासन्‌तास, आपण चिंचा फोडतो तसं बसून. शहरात आणि परदेशात ते तेल महाग विकलं जायचं, बायांच्या हातात फारसं काही यायचं नाही. रबातच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक झुबिदा शर्रूफ यांनी १९९० च्या दशकात बायांची सहकारी संस्था उभी केली. सुरुवातीला कोण आलं? विधवा आणि सोडलेल्या. ज्यांना अडवायला घरी नवरा नव्हता त्या. बाकीच्यांचे नवरे म्हणत होते, बाहेर बसून काम करणं चांगल्या घरच्या बाईचं नाही. पैसे घरात यायला लागल्यावर हळूहळू त्यांचंही म्हणणं बदललं. आपला पहिला गट कुणी काढला होता, अध्यक्ष काकू? हो, त्याच.

एक गोष्ट खालांना फार आवडली. २००६ मध्ये तिथल्या सरकारनं पन्नास बायांना धर्माचं शिक्षण देऊन मशिदीत बायांना मार्गदर्शन करायला नेमलं. आणि २०१८ पासून लग्नाचा करार लिहिणारा जो अधिकारी असतो, अदूल, ते काम बायांनाही खुलं झालं. खाला दोनदा म्हणाल्या, "निकाह का काग़ज़ औरत लिखती?" मी म्हटलं, लिहिते.

काम संपलेलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिथं आणखी सुधारणांचे प्रस्ताव मांडले गेले. त्यात एक असा आहे की बाईनं घरात केलेलं काम हे संसारातल्या मालमत्तेत तिचं योगदान म्हणून धरावं. भाकरी, पाणी, गुरं, म्हातारी माणसं, सगळं. सवलतीचं ते दारही लहान करायचं म्हणतात, सतराच्या खाली परवानगी नाही. वारसाहक्क समान करायला मात्र धर्मपंडितांनी नकारच दिला.

आपल्याकडेही सुरुवात लवकर झाली होती, हे सांगायलाच हवं. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम बायांचा मोर्चा विधिमंडळावर नेला होता. सात जणी. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा. सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरवला २२ ऑगस्ट २०१७ ला, तेही एका मुस्लिम बाईच्याच अर्जावर. २०१९ ला कायदा झाला. म्हणजे त्या दिवशी बैठकीत मागून जे वाक्य आलं, "तीनदा बोललं की संपलं," ते कायद्यानं तेव्हाच खोटं होतं. मला ते माहीत होतं. मी बोलले नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी सांगायला मला जास्त जड जाते. "त्यांच्यात हक्क नाहीत" म्हणणाऱ्या आपण. २००५ पासून हिंदू मुलीला बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत भावाइतकाच वाटा आहे. हात वर करा, किती जणींनी तो घेतला? आणि किती जणींनी हक्कसोड पत्रावर सही केली? माझ्या आईनं केली. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते, स्त्रिया आणि कायदा हा विषय शिकत होते. मामा गाडी घेऊन आला, आईला निबंधक कार्यालयात नेलं, येताना साडी दिली. मी आईला विचारलं, का केलीस? ती म्हणाली, "माहेर तुटू नये म्हणून." मोरोक्कोत भावासमोर कोर्टात उभ्या राहिलेल्या त्या बायांनाही माहेर होतंच.

हे मी तुम्हाला टोचायला सांगत नाही. माझी आई समोरच बसली आहे, दुसऱ्या रांगेत, तिला विचारून सांगतेय.

आता कामाचं. खालांच्या गटातल्या पाच जणींपैकी तीन जणी परत बैठकीला येतात. दोघी अजून येत नाहीत, पैसे पाठवतात. त्यांच्याकडे मी परत जाणार आहे. ज्या ताई ते वाक्य बोलल्या त्या आज इथं आहेत, त्यांनी मला सकाळी विचारलं की मीही तुझ्यासोबत येऊ का. मी हो म्हटलंय.

त्या मोहल्ल्यात बसलो असताना आम्ही सहज विचारलं, निकाहनाम्याची प्रत कुणाकडे आहे? सात घरांत मिळून एकीकडे निघाली, तीही लॅमिनेशन करून कपाटाच्या वर ठेवलेली, तिनं स्वतः कधी वाचली नव्हती. मेहर किती लिहिलीय, काही अटी आहेत का, कुणाला ठाऊक नाही. निकाहनाम्यात अटी लिहून घेता येतात, हे त्यातल्या बहुतेकींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग मी आमच्याच गल्लीत विचारलं, घराच्या नमुना ८ वर बायकोचं नाव किती घरांत आहे? चौदा घरांत तीन.

तर येत्या बैठकीला प्रत्येकीनं दोनपैकी एक कागद आणायचा, निकाहनामा किंवा नमुना ८. ज्यांच्याकडे निकाहनामा नाही त्यांच्यासोबत खाला आणि मी काझींकडे जाऊन प्रत मागणार आहोत, त्यांनी या महिनाअखेर या म्हटलंय. नमुना ८ वर नाव लावायचे अर्ज सीआरपी ताईंकडे आहेत, ग्रामपंचायतीत द्यायचे, फोटो लागत नाही, नवऱ्याची संमती लागते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज लिहून देऊ. खाली सही मात्र ज्याची त्यानंच करायची.